शटर पडल्यावरचे जेवण

जळगावच्या फुले मार्केटमध्ये आणि धुळ्याच्या आग्रा रोडवर रात्री नऊच्या पुढे शटर पडायला लागतात. गल्ला मोजायचा, उद्याच्या मालाचे दोन फोन करायचे, गाडी काढायची, की घरी पोहोचायला पावणेदहा. ताटावर बसायला दहा, अंथरुणावर पाठ टेकायला अकरा. या दुकानदाराची साखर वाढलेली निघते तेव्हा डॉक्टर त्याला सांगतात, ‘सातच्या आत जेवत जा.’ तो मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दहालाच जेवतो. सल्ला चुकीचा नाही, माणूसही बेफिकीर नाही. पण रात्रीच्या जेवणाची वेळ त्याच्या एकट्याच्या हातात नाही. खान्देशात ती वेळ बाजार ठरवतो, उन्हाळा ठरवतो, कारखान्याची पाळी ठरवते आणि शेतीपंपाची वीजही ठरवते. म्हणून लवकर जेवण्याचे फायदे खरे किती आणि ऐकीव किती हे तपासताना, ते कोणाला जमेल आणि कोणाला नाही, हेही सोबतच पाहायला हवे.

आधी शरीराचे. आपल्या पेशींमध्ये चोवीस तासांचे घड्याळ चालते हे आता निर्विवाद आहे. त्याची यंत्रणा उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश आणि मायकेल यंग या तिघांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. मुख्य घड्याळ मेंदूत असते आणि ते उजेडावर लागते. यकृत, स्वादुपिंड, आतडी यांची आपापली घड्याळे मात्र बऱ्याच अंशी जेवणाच्या वेळेवर लागतात. बाहेर अंधार पडला, मेंदूने झोपेची तयारी सुरू केली आणि त्याच वेळी पोटात भाकरी-भाजी आली, की या घड्याळांचा एकमेकांशी मेळ बसत नाही. संध्याकाळनंतर इन्सुलिनचा परिणाम सकाळइतका होत नाही. रात्री वाढणारे मेलाटोनिन स्वादुपिंडातून इन्सुलिन बाहेर पडण्यालाही आवर घालते. म्हणजे तीच दोन पोळ्यांची चवड सकाळी नऊला साखर जितकी चढवते, त्यापेक्षा रात्री दहाला जास्त चढवते.

हे प्रत्यक्ष मोजूनही पाहिले गेले आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात २० निरोगी तरुणांना तेच जेवण एकदा संध्याकाळी सहाला आणि एकदा रात्री दहाला दिले. झोपायची वेळ दोन्ही दिवशी अकराचीच. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात उशिराच्या जेवणानंतर साखरेची कमाल पातळी सरासरी १८ टक्क्यांनी जास्त गेली आणि रात्रभरात चरबी जळण्याचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांनी घटले. सगळ्यांमध्ये परिणाम सारखा नव्हता. ज्यांना लवकर झोपायची सवय होती त्यांना उशिराचे जेवण अधिक बाधले. पहाटे उठून रानात जाणाऱ्या माणसाने हे ध्यानात घ्यावे. बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयात २०२२ साली वजन जास्त असलेल्या १६ जणांवर केलेला अभ्यास आणखी काटेकोर होता. तेच अन्न, तेवढेच, तितकीच झोप. फक्त दिवसभराची जेवणे सुमारे चार तास पुढे सरकवली. एवढ्याने भूक वाढली, पोट भरल्याची खूण देणारे लेप्टिन घटले आणि जागेपणी शरीर खर्च करते ती ऊर्जा साधारण ५ टक्क्यांनी कमी झाली. प्रयोगशाळेतले हे आकडे थोड्या माणसांवरचे आणि थोड्या दिवसांचे आहेत. पण ते एकाच दिशेला बोट दाखवतात.

मोठ्या लोकसंख्येवरचे अभ्यासही आहेत, मात्र ते जरा जपून वाचावे लागतात. फ्रान्समध्ये एक लाखाहून अधिक लोकांच्या आहाराच्या नोंदी कित्येक वर्षे ठेवल्या गेल्या. २०२३ च्या अखेरीस आलेल्या निष्कर्षात, रात्री नऊनंतर जेवणाऱ्यांमध्ये आठच्या आत जेवणाऱ्यांपेक्षा पक्षाघातासारख्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका २८ टक्क्यांनी जास्त दिसला, आणि हा फरक प्रामुख्याने स्त्रियांमध्ये होता. स्पेनमधल्या २०१८ च्या अभ्यासात नऊच्या आत जेवणाऱ्या किंवा जेवण आणि झोप यांत किमान दोन तास ठेवणाऱ्या लोकांमध्ये स्तनाचा व प्रोस्टेटचा कर्करोग सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला. पण जो माणूस लवकर जेवतो तो बहुधा लवकर झोपतो, दारू-तंबाखूपासून लांब असतो आणि त्याची नोकरीही बऱ्यापैकी ठरलेल्या वेळेची असते. संशोधक हे सगळे हिशेबात धरतात, तरी सगळेच धरता येत नाही. ‘सातला जेवा आणि कर्करोग टाळा’ असे मोबाईलवर फिरणारे संदेश या अभ्यासांच्या कितीतरी पुढे धावलेले आहेत.

वजनाच्या बाबतीत तर पुरावा सरळ दोन बाजूंना विभागलेला आहे. स्पेनमधल्या मुर्सिया येथे वजन कमी करू पाहणाऱ्या ४२० जणांमध्ये, दिवसाचे मुख्य जेवण दुपारी तीननंतर घेणाऱ्यांचे वजन कमी उतरले (२०१३). त्याच वर्षी इस्राएलमध्ये, रोजचे १४०० कॅलरींचे तेच माप ठेवून ज्या स्त्रियांनी न्याहारी भरपेट आणि रात्रीचे जेवण अगदी हलके घेतले, त्यांचे वजन उलट पद्धतीने खाणाऱ्या स्त्रियांच्या दुपटीहून अधिक घटले. पण २०२२ साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे तीस जणांना सगळे जेवण तोलूनमापून दिले, तेव्हा सकाळी जास्त खाल्ले काय आणि रात्री जास्त खाल्ले काय, वजनात फरक पडला नाही. सकाळी जास्त खाणाऱ्यांना भूक कमी लागली, एवढेच. आणि चीनच्या ग्वांगझू शहरात १३९ लठ्ठ लोकांना वर्षभर कमी कॅलरींचा आहार दिला. त्यांतल्या निम्म्यांनी तो सकाळी आठ ते दुपारी चार याच वेळेत खाल्ला. वर्षाअखेरीस दोन्ही गटांच्या वजनात लक्षणीय फरक नव्हता.

या सगळ्यातून मला दिसते ते असे. वजनाला घड्याळापेक्षा ताट जास्त कारणीभूत आहे. साखरेला ताट आणि घड्याळ दोन्ही. आणि आम्लपित्ताला घड्याळ अगदी थेट.

आम्लपित्ताचे शास्त्र सोपे आहे. जेवल्यावर जठर भरलेले असते, आम्ल सुटलेले असते. आडवे झाले की ते अन्ननलिकेत वर चढते. जपानमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जेवण आणि झोप यांत तीन तासांपेक्षा कमी अंतर ठेवणाऱ्यांमध्ये हा त्रास चार तासांहून जास्त अंतर ठेवणाऱ्यांपेक्षा कितीतरी पट आढळला. आता हे आपल्या शेवभाजीला लावून पाहा. कांदा आणि सुके खोबरे काळपट होईस्तोवर भाजायचे, आले-लसणासह वाटायचे, त्यात काळा मसाला आणि तिखट घालून तेल सुटेपर्यंत परतायचे, पाणी ओतून रस्सा उकळायचा आणि बोटभर तर्री वर आली की ताटात वाढताना जाड तिखट शेव सोडायची. शेव बेसनाची आणि तळलेली. रस्सा आधीच तेलाचा. चव अशी की दोन पोळ्यांचा माणूस चार खातो. हीच भाजी दुपारी एकला खाऊन माणूस कामाला लागला तर निभावून नेतो. महामार्गावरच्या ढाब्यावर रात्री साडेदहाला खाऊन तो अकराला झोपला, तर छातीत जळजळ होणार याला कुठल्या संशोधनाची गरज नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही रस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे ट्रकचालकांच्या कित्येक पिढ्या इथल्या ढाब्यांवर असेच जेवत आल्या आहेत.

मराठी माणसाला जेवणाच्या वेळांचा वाद नवा नाही. लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांच्या आत जेवायचा मार्ग सांगितला. मूळ कल्पनेचे श्रेय त्यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांना दिले. काही वर्षांपूर्वी गावोगावच्या सभागृहांत त्यांची व्याख्याने गर्दीत झाली आणि दर थोड्या वेळाने थोडे खा म्हणणाऱ्या आहारतज्ज्ञांशी त्यांचा वादही गाजला. दीक्षितांचा भर किती वेळा खायचे यावर होता. कधी खायचे हे त्यांनी ज्याच्या-त्याच्या भुकेवर सोडले. आजची ‘लवकर जेवा’ची चर्चा नेमकी त्या सुटलेल्या जागी येऊन उभी आहे. तिला आपल्याकडे अधिक वजन आहे, कारण आपली शरीरयष्टी. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी फार पूर्वीच दाखवले की भारतीय माणूस दिसायला सडपातळ असला तरी त्याच्या अंगात, विशेषतः पोटाशी, चरबीचे प्रमाण जास्त असते, म्हणून मधुमेह त्याला कमी वजनावर आणि कमी वयात गाठतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि जवळजवळ १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. ‘मी कुठे जाड आहे’ म्हणत रात्री दहाला भरपेट जेवणाऱ्या दुकानदाराने हा दुसरा आकडा वाचावा.

लवकर जेवणे आणि दुकान चालवणे यांचे वैर आहे, असे म्हणावे तर जळगावच्याच सराफ बाजारात आणि दाणा बाजारात त्याचे उत्तर आहे. इथल्या जैन व्यापारी कुटुंबांत चौविहार पाळणारे लोक सूर्यास्तानंतर अन्नही घेत नाहीत आणि पाणीही नाही; तिविहार पाळणारे पाणी तेवढे घेतात. चातुर्मासात पाळणाऱ्यांची संख्या वाढते. जळगावला डिसेंबरात पावणेसहाच्या आसपास सूर्य मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या सुमारास. म्हणजे हिवाळ्यात या लोकांचे जेवण ऐन गिऱ्हाइकीच्या तोंडावर येते. तरी ते होते, कारण सगळे घर त्या वेळेभोवती रचलेले असते. डबा दुकानावर येतो किंवा भाऊ-भाऊ आळीपाळीने घरी जाऊन येतात. लग्नाच्या पंगतीही दिवस असताना उठतात. या व्रतामागचा हेतू अहिंसेचा आहे, साखरेचा नव्हे, आणि त्याला आरोग्याची जाहिरात करून लहान करू नये. शिकण्यासारखी आहे ती त्यामागची व्यवस्था. माणूस एकटा लवकर जेवू शकत नाही, घर लवकर जेवते. आरोग्यासाठी हा पाठ घेणाऱ्यांनी पाणी मात्र बंद करू नये. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जाणाऱ्या जिल्ह्यात रात्रीचे पाणी तोडणे म्हणजे मुतखड्याला आमंत्रण.

‘पूर्वी लोक दिवेलागणीलाच जेवायचे’ हेही नेहमी ऐकू येते. रॉकेलची चिमणी जपून वापरायच्या काळात स्वयंपाक उजेडी उरकण्याकडे कल होता, हे खरे. पण कापूस वेचून किंवा निंदणी करून बाई दिवस मावळताना घरी यायची, मग पाणी भरायचे, चूल पेटवायची, भाकरी थापायच्या. जेवायला रात्रच व्हायची. फरक एवढाच, की ताटात ज्वारीची भाकरी आणि ठेचा किंवा डाळ असे, आणि खाणारा दिवसभर राबलेला असे.

आणि त्या घरात सगळ्यांत शेवटी जेवायची ती स्वयंपाक करणारीच. हे अजून बदललेले नाही. दुकानदार दहाला जेवत असेल तर त्याची बायको साडेदहाला जेवते. सासू-सासऱ्यांना आठला वाढायचे, क्लासवरून आलेल्या मुलांना नऊला, नवऱ्याला दहाला गरम पोळी, मग उरलेसुरले आपल्या ताटात. ओटा आवरून पडायला साडेअकरा आणि सकाळी डब्यांसाठी पाच-साडेपाचला उठणे. पहाटेचे उठणे आणि उशिराचे जेवण ही वर सांगितलेली वाईट जोडी नेमकी हिच्या वाट्याला येते. फ्रान्सच्या अभ्यासात उशिरा जेवण्याचा फटका स्त्रियांमध्ये ठळक दिसला, तो वाचताना मला आपल्याकडची ही शेवटची ताटे आठवली. डॉक्टर घरातल्या पुरुषाला जेवणाची वेळ विचारतात. ‘तुम्ही किती वाजता जेवता?’ असे त्याच्याबरोबर आलेल्या बाईला विचारले जात नाही. लवकर जेवण्याची मोहीम खान्देशात कुठून सुरू करायची असेल तर इथून करावी. तिने आठला सासऱ्यांबरोबर जेवून घ्यावे, नवऱ्याने दहाला आपले ताट आपण वाढून घ्यावे. यात पैसा लागत नाही.

पाळीत काम करणाऱ्यांची गोष्ट निराळी आहे. भुसावळचे रेल्वे जंक्शन, दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र, भुसावळ आणि वरणगावचे आयुध निर्माणीचे कारखाने. या पट्ट्यात हजारो घरांना घड्याळ उलटे बसलेले आहे. त्यांना ‘सातला जेवा’ सांगून काय उपयोग? त्यांच्यासाठी २०२१ चा एक अभ्यास कामाचा आहे. त्यात १९ जणांना कृत्रिमरीत्या रात्रपाळीत ठेवले. ज्यांनी रात्री खाल्ले त्यांची सरासरी साखर ६.४ टक्क्यांनी वाढली. ज्यांनी रात्रभर जागूनही जेवण मात्र दिवसाच्याच वेळेत घेतले, त्यांची वाढली नाही. तेव्हा रात्रपाळीला निघताना घरून व्यवस्थित जेवून निघावे, मध्यरात्रीचा भरलेला डबा टाळावा, फारच भूक लागली तर मूठभर फुटाणे-शेंगदाणे नाहीतर ताक घ्यावे, आणि सकाळी घरी येऊन न्याहारी करून झोपावे. गाडी चालवणाऱ्याने किंवा यंत्रावर उभे राहणाऱ्याने उपाशीपोटी चक्कर येईस्तोवर ताणू नये, हे वेगळे सांगायला नको.

उन्हाळ्यात तर सगळ्यांचेच घड्याळ पुढे सरकते. एप्रिल-मेमध्ये दुपारी रस्ते ओस असतात, बाजाराला जाग येते ती ऊन उतरल्यावर. घरात उकाडा इतका, की नऊपर्यंत गॅसजवळ उभे राहवत नाही आणि अन्नावर वासनाही नसते. मग दहाला गच्चीवर जेवणे होतात. हिवाळ्यात उशीर होतो तो हौसेने, भरीत पार्टीच्या निमित्ताने. बामणोदकडची हिरवी लांबट वांगी, शेतात कपाशीच्या काड्यांचा जाळ, भाजलेली वांगी सोलून लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या-लसणासोबत ठेचलेली, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे घातलेली सढळ फोडणी, सोबत कळण्याच्या पुऱ्या. वांगे स्वतः हलके, पण त्याने प्यालेले तेल आणि सोबतच्या पुऱ्या हलक्या नव्हेत. वर्षातून चार वेळा असे जेवल्याने कोणाचे काही बिघडत नाही. बिघडते ते रोजच्याने.

रोजच्यासाठी खान्देशाजवळ एक उत्तम उत्तर पूर्वापार आहे, ते म्हणजे रात्रीची खिचडी. जळगावकडच्या कितीतरी घरांत रात्री पोळी-भाजीचा घाट नसतो. तूरडाळ-तांदळाची खिचडी, वर लसणाच्या फोडणीचे तेल, सोबत पापड किंवा बिबडे, कधी कढी. अर्ध्या तासात होते, साडेसहालाही टाकता येते. डाळ थोडी जास्त आणि तांदूळ थोडा कमी घेतला, तेल चमच्याने मोजले आणि सोबत काकडी-मुळा चिरला, तर ज्याला सातला जेवणे जमत नाही त्यालाही निम्मा फायदा मिळतो. मोठे जेवण दुपारी हलवणे हा खरा बदल आहे. दुकानदाराने दुपारी भाकरी, डाळ, भाजी पोटभर खावी, सहा-सातच्या दरम्यान दुकानावर डब्यातली खिचडी किंवा भाकरी-भाजी घ्यावी आणि रात्री घरी गेल्यावर फार तर वाटीभर ताक. हेही न जमले तर जेवण आणि झोप यांत अडीच-तीन तास राहतील इतके पाहावे. आणि शतपावली सोडू नये. न्यूझीलंडमध्ये २०१६ साली मधुमेहाच्या ४१ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात, दर जेवणानंतर दहा मिनिटे चालल्याने जेवणानंतरची साखर दिवसातून एकदाच अर्धा तास चालण्यापेक्षा १२ टक्क्यांनी कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. जे इन्सुलिन घेतात किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांवर आहेत, त्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवण दहावरून साडेसहावर आणू नये. गोळी जुन्याच वेळेला आणि जेवण साडेतीन तास आधी झाले, तर पहाटे साखर धोकादायक खाली जाऊ शकते. दरदरून घाम, हात थरथरणे, बरळणे ही लक्षणे घरच्यांना ओळखता आली पाहिजेत आणि साखर-पाणी हाताशी पाहिजे. गरोदर स्त्रिया, वाढत्या वयाची मुले आणि वजन घटत चाललेले वृद्ध यांनी तर लवकर जेवण म्हणजे कमी जेवण असा अर्थ मुळीच घेऊ नये.

हे सगळे घरातले झाले. पण रावेर, यावल, चोपड्याच्या केळीच्या पट्ट्यातला आणि शिरपूर-शिंदखेड्याकडचा शेतकरी कितीही ठरवून वेळेवर जेवेल म्हटले, तरी पंपाची वीज जर काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री अशी पाळीने येत असेल, तर त्या रात्रीच्या आठवड्यात तो बॅटरी घेऊन बांधावर असतो. कधी जेवून निघतो, कधी मध्यरात्री परतून जेवतो. साप आणि बिबट्याच्या भीतीबद्दल आपण बोलतो, त्याच्या जेवणाबद्दल नाही. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी राज्याने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू केला. तिचे मोजमाप मेगावॉटमध्ये होते. ज्या ज्या गावाच्या वाहिनीवर दिवसाची वीज पक्की होईल, तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राने वर्षभर शेतकऱ्यांच्या आणि त्यांच्या घरच्या बायकांच्या जेवणाच्या वेळा, साखर आणि रक्तदाब नोंदवून ठेवावेत. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, सामुदायिक वैद्यकशास्त्राचे विद्यार्थी आहेत. हे काम त्यांना सहज उचलता येण्याजोगे आहे, आणि फ्रान्स-स्पेनच्या आकड्यांपेक्षा ते यावलच्या माणसाला जास्त पटेल.